अमेरिकेतल्या कॉलेजची आर्थिक मदत कशी टिकवायची: एसएपीचे निकष, हिशेब आणि अपील

फाफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या मदतीचा अर्ज, भरला, मदत मंजूर झाली, आता दरवर्षी तोच फॉर्म पुन्हा भरला की झालं, अशी अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत समजूत असते. पण केंद्र सरकारच्या मदतीला अभ्यासाची एक अट कायम जोडलेली असते. तिचं नाव सॅटिस्फॅक्टरी अकॅडेमिक प्रोग्रेस. कॉलेजच्या पत्रांत एसएपी. ही अट मोडली की पेल ग्रँट आणि एफएसईओजी (परत न करायची अनुदानं), वर्क-स्टडी (शिकताना करायची पगारी नोकरी), विद्यार्थ्याच्या नावाचं डायरेक्ट लोन आणि आईवडिलांनी काढलेलं पॅरेंट प्लस लोन एकदम थांबतं. २०२५-२६मध्ये एकट्या पेल ग्रँटची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती, म्हणजे कम्युनिटी कॉलेजची बरीचशी फी त्यातच निघते. ती अचानक बंद झाली तर घराचं वर्षाचं गणित कोलमडतं.

हा लेख अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डधारक विद्यार्थ्यांसाठी आहे. एच-४ किंवा एफ-१ व्हिसावर असलेल्यांना केंद्र सरकारची मदत मिळतच नाही. त्यांना कॉलेजने स्वतःच्या निधीतून शिष्यवृत्ती दिली असेल तर तिच्या अटी त्या शिष्यवृत्तीच्या पत्रात असतात, आणि त्या पुष्कळदा एसएपीपेक्षा कडक असतात. तरी खालचं डब्ल्यू (मध्येच सोडलेला विषय) आणि एफ (नापास) या शेऱ्यांचं प्रकरण त्यांनीही वाचावं.

पहिलं काम: आपल्या कॉलेजची पॉलिसी काढा

कायदा फक्त चौकट देतो, आकडे प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवतं. त्यामुळे शेजारच्या मुलाला काय झालं, यावरून आपला अंदाज बांधू नका. फायनान्शियल एड ऑफिसच्या वेबसाइटवर एसएपी पॉलिसीचं पान असतं. त्यातून एवढं टिपून ठेवा: कितव्या क्रेडिटला (विषयाचं वजन मोजायचं एकक) किती जीपीए (ग्रेडची सरासरी) लागतो, पूर्ण केलेल्या क्रेडिटचं प्रमाण ६७ टक्के मागतात की ६६.६७, आणि आकडा पूर्णांकात धरतात का. तपासणी प्रत्येक सेमिस्टरनंतर होते की वर्षातून एकदा. पुन्हा घेतलेल्या विषयाचं काय करतात. आणि अपीलची शेवटची तारीख कोणती.

डीन ऑफिसकडून आलेलं 'गुड स्टँडिंग' आणि एसएपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच लक्षात घ्या. एक शैक्षणिक बाजू बघतं, दुसरं पैशाची. पहिल्यात तुम्ही ठीक असाल आणि दुसऱ्यात नापास, असं सर्रास होतं.

तीन निकष, तिन्ही एकाच वेळी

जीपीएचा निकष सगळ्यांना माहीत असतो. दोन वर्षांपेक्षा लांब अभ्यासक्रमात दुसरं वर्ष संपताना किमान सी सरासरी, म्हणजे साधारण २.०, किंवा पदवी मिळायला जेवढी लागते तेवढी हवी, असं नियम सांगतो. बरीच कॉलेजं पहिल्या वर्षापासूनच २.० मागतात.

दुसरा निकष वेगाचा, आणि बहुतेक मुलं इथेच अडकतात. आजवर घेतलेल्या एकूण क्रेडिटपैकी किती पूर्ण केली, हे प्रमाण. घेतलेल्या क्रेडिटमध्ये उन्हाळ्यातली धरतात, आणि खिशातून पैसे भरलेल्या सेमिस्टरचीही धरतात. 'त्या वेळी मी मदत घेतलीच नव्हती' हे म्हणणं चालत नाही.

तिसरा निकष कमाल मुदतीचा. पदवीला जितकी क्रेडिट लागतात त्याच्या दीडपट क्रेडिट घेऊन होईपर्यंतच मदत मिळते. १२० क्रेडिटच्या बॅचलर पदवीसाठी १८०, ६० क्रेडिटच्या असोसिएट पदवीसाठी ९०. दुसऱ्या निकषातला ६६.६७ टक्क्यांचा आकडा याच दीडपटीतून येतो: १२० भागिले १८०. इथे एक बारकावा आहे. १८० क्रेडिट होईपर्यंत कॉलेज थांबत नाही. आता १८०च्या आत पदवी होणं शक्य नाही, असं हिशेबात दिसलं की मदत तेव्हाच थांबते.

हुशार मुलं सापडतात ती इथे. समजा एकाने प्री-मेडसाठी बायॉलॉजी घेतलं आणि तिसऱ्या वर्षानंतर कॉम्प्युटर सायन्सकडे वळायचं ठरवलं. त्याने १४० क्रेडिट घेतली, १२० पूर्ण केली, जीपीए ३.४. वेग ८५ टक्क्यांच्या वर. सगळं उत्तम दिसतं. पण नव्या पदवीला त्यातली ७०च उपयोगी पडतात, म्हणजे अजून ५० हवीत. १४० अधिक ५० म्हणजे १९०, मर्यादा १८०. मदत बंद. काही कॉलेजं मेजर (पदवीचा मुख्य विषय) बदलल्यावर जुनी बिनकामाची क्रेडिट हिशेबातून वगळतात, काही वगळत नाहीत. म्हणून मेजर बदलण्याचा फॉर्म भरण्याआधी एड ऑफिसला हा एक प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

कोणता शेरा कशात धरतात

ॲड-ड्रॉपच्या, म्हणजे विषय बदलायच्या सुरुवातीच्या, मुदतीत विषय काढून टाकला तर तो कुठेच धरला जात नाही. ही मुदत फार छोटी असते, सेमिस्टर सुरू झाल्यापासून बहुधा एक-दोन आठवडे.

त्यानंतर सोडलेल्या विषयाला डब्ल्यू मिळतो. त्याचा जीपीएवर परिणाम नाही, पण ती क्रेडिट 'घेतली' यात येतात आणि 'पूर्ण केली' यात येत नाहीत. डब्ल्यू फुकट असतो हा समज मुलांमध्ये फार पसरलेला आहे आणि सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. एफ दोन्हीकडे मारतो: जीपीएत शून्य गुण आणि वेगातही घट.

इन्कम्प्लीट, म्हणजे आय, हा निकाल लागेपर्यंत पूर्ण न केलेल्यात धरतात. मुदतीत काम दिलं नाही तर बहुतेक ठिकाणी त्याचा आपोआप एफ होतो. काम देऊन ग्रेड बदलली तर एड ऑफिसला स्वतः कळवा. रजिस्ट्रारकडे ग्रेड बदलली म्हणून एसएपीचा हिशेब लगेच नव्याने होईलच असं नाही.

दुसऱ्या कॉलेजातून आणलेली आणि चालू पदवीला मान्य झालेली क्रेडिट घेतलेल्या आणि पूर्ण केलेल्या अशा दोन्ही रकान्यांत धरावीच लागतात. त्याने वेग सुधारतो, पण १८०ची मर्यादा तितकीच जवळ येते. हायस्कूलमधल्या एपी (कॉलेजच्या पातळीच्या) परीक्षांच्या क्रेडिटचं कॉलेजला विचारून घ्या. सुरुवातीला गणित किंवा इंग्रजीचे पूर्वतयारीचे वर्ग घ्यावे लागले असतील तर ते हिशेबातून वगळायची कॉलेजला मुभा आहे.

नापास विषय पुन्हा घेतला तर प्रत्येक खेप 'घेतली'मध्ये येते, 'पूर्ण'मध्ये एकदाच. पास झालेला विषय ग्रेड सुधारायला पुन्हा घ्यायचा असेल तर केंद्राची मदत त्यासाठी फक्त एकदा मिळते.

आणि 'अकॅडेमिक रिन्यूअल' नावाची सोय, जिच्यात कॉलेज जुन्या वाईट ग्रेड जीपीएतून पुसतं, ती एसएपीला लागू नाही. ट्रान्सक्रिप्ट स्वच्छ दिसलं तरी एड ऑफिसला जुने विषय मोजावेच लागतात.

हिशेब स्वतः करा

एक नमुना घेऊ. पहिल्या सेमिस्टरमध्ये १५ क्रेडिट घेतली, ३ क्रेडिटचा एक विषय डब्ल्यू, १२ पूर्ण. दुसऱ्यात पुन्हा १५, त्यात ३ क्रेडिटचे दोन विषय एफ आणि एक डब्ल्यू, ६ पूर्ण. एकूण घेतली ३०, पूर्ण १८. वेग ६० टक्के. अट मोडली.

आता ६६.६७ टक्क्यांवर यायला किती क्रेडिट न चुकता पास व्हायला हवीत, हे काढायची सोपी रीत: घेतलेल्या क्रेडिटची दुप्पट करा, त्यातून पूर्ण केलेल्यांची तिप्पट वजा करा. इथे ६० वजा ५४, म्हणजे ६. पुढची ६ क्रेडिट पास झाली की ३६पैकी २४, बरोबर ६६.६७ टक्के. कॉलेज पूर्णांकात न धरता ६७ टक्केच मागत असेल तर एक विषय जास्तीचा लागेल. पॉलिसीतला तो दशांश आधी टिपून ठेवायला सांगितलं ते यासाठी.

जीपीएत डब्ल्यूची क्रेडिट येत नाहीत, एफची येतात. म्हणजे १८ अधिक ६, एकूण २४. पास झालेल्यांत ९ क्रेडिटना बी (प्रत्येकी ३ गुण) आणि ९ना सी (प्रत्येकी २) असेल तर २७ अधिक १८, म्हणजे ४५ गुण. ४५ भागिले २४, जीपीए १.८७५.

उन्हाळ्यात तेच दोन नापास विषय पुन्हा घेऊन दोन्हीत सी मिळाला तर गुण ५७ होतात. कॉलेज जुना एफ काढून नवी ग्रेड धरत असेल तर जीपीए ५७ भागिले २४, म्हणजे २.३७५. दोन्ही ग्रेड धरत असेल तर ५७ भागिले ३०, म्हणजे १.९, अजून खालीच. वेग मात्र दोन्ही ठिकाणी ६६.६७वर येतो. त्याच मुलाने तेच विषय पास केले, तरी एका कॉलेजात मदत परत सुरू होते आणि दुसऱ्यात होत नाही.

आमच्या मते नवा विषय घेण्यापेक्षा नापास झालेला विषय आधी उरकावा, विशेषतः तो पुढच्या विषयांची पूर्वअट असेल तर. पण उन्हाळ्यात दुसऱ्या कॉलेजात तो घेण्याचा विचार असेल तर थांबा. बाहेरून आणलेली क्रेडिट वेगात मोजतात, पण जीपीएत बहुतेक कॉलेजं ती ग्रेड धरत नाहीत. जीपीए कमी पडला असेल तर विषय आपल्याच कॉलेजात घ्यायला हवा.

डब्ल्यू घ्यावा की नेटाने बसावं?

हा निर्णय सेमिस्टरच्या मध्यावर, विथड्रॉवलच्या मुदतीआधी घ्यायचा असतो. प्राध्यापकांना ऑफिस अवर्समध्ये भेटून सरळ विचारा: उरलेल्या परीक्षांत मला किती मिळाले तर सी येईल? उत्तर आवाक्यातलं असेल तर बसा. नापास होणं निश्चित असेल तर एफपेक्षा डब्ल्यू बरा, कारण वेग दोन्हीत सारखाच घटतो, पण डब्ल्यूत जीपीए वाचतो. मात्र आधी बघा: विषय सोडल्यावर १२ क्रेडिटच्या खाली जाता का? राज्याच्या आणि कॉलेजच्या शिष्यवृत्त्या अनेकदा पूर्णवेळ मागतात. ६च्या खाली गेलात तर डायरेक्ट लोनची पात्रता जाते आणि आधीच्या कर्जाची सहा महिन्यांची सवलतीची मुदत सुरू होते.

सगळेच विषय सोडायची वेळ आली तर हिशेब निराळा होतो. सेमिस्टरचे ६० टक्के दिवस उलटण्याआधी सोडलंत तर जितके दिवस झाले तितक्याच टक्के मदत तुमची. ११० दिवसांचं सेमिस्टर ४४व्या दिवशी सोडलं तर ४० टक्के. सलग पाच किंवा अधिक दिवसांची सुट्टी या दिवसांतून वगळतात. उरलेल्या रकमेतला आपला वाटा कॉलेज सरकारला परत करतं आणि पुष्कळदा तेवढं बिल तुमच्या खात्यावर लावतं. न सांगता वर्गात जाणं बंद केलं आणि सगळ्यांत एफ आले, तरी तुम्ही खरंच शेवटपर्यंत हजर होता का हे कॉलेजला तपासावं लागतं, आणि तोच हिशेब मागाहून लागतो. आजारपण किंवा घरची आपत्ती असेल तर गायब होऊ नका. आधी डीन ऑफ स्टुडंट्सच्या ऑफिसला एक ईमेल टाका. पुढे अपीलमध्ये ती तारखेसह पुरावा म्हणून उभी राहते.

अट मोडली, आता काय

प्रत्येक सेमिस्टरला तपासणी करणारी कॉलेजं पहिल्या वेळी 'वॉर्निंग' देऊ शकतात. त्या एका सेमिस्टरची मदत अर्ज न करताच चालू राहते. ती संपताना तिन्ही निकष जमले नाहीत तर मदत थांबते. वर्षातून एकदाच तपासणाऱ्या कॉलेजात वॉर्निंग नसते. मे-जूनमध्ये थेट मदत बंद झाल्याचं कळतं.

मग उरतं अपील. ते मंजूर झालं की एक सेमिस्टर 'प्रोबेशन'. एका सेमिस्टरमध्ये आकडे भरून निघण्यासारखे नसतील तर 'अकॅडेमिक प्लॅन' करून देतात: कोणत्या सेमिस्टरला कोणते विषय, किती क्रेडिट, किमान किती जीपीए. प्लॅन पाळत आहात तोवर एकूण आकडे कमी असले तरी मदत मिळत राहते. प्लॅनमधला विषय ॲडव्हायझर आणि एड ऑफिसला न विचारता बदलला किंवा त्या सेमिस्टरमध्ये एखादा डब्ल्यू घेतला, तर पुष्कळ ठिकाणी प्लॅन तिथेच मोडतो.

एक सेमिस्टर घरी बसलं की एसएपी आपोआप पूर्ववत होतं, ही समजूत चुकीची आहे. नुसते खिशातून पैसे भरल्यानेही होत नाही. आकडे निकषांत बसले पाहिजेत किंवा अपील मंजूर झालं पाहिजे.

अपीलचं पत्र

कारणं नियमात सांगितलेली आहेत: नातेवाइकाचा मृत्यू, विद्यार्थ्याचा आजार किंवा दुखापत, किंवा इतर विशेष परिस्थिती. पत्रात दोनच प्रश्नांची उत्तरं हवीत. का जमलं नाही? आणि आता काय बदललं आहे, ज्यामुळे पुढच्या तपासणीत जमेल? दुसरं उत्तर नसल्याने पुष्कळ अपीलं पडतात.

'घरी अडचणी होत्या, आता मी जास्त मेहनत करीन', एवढ्यावर अपील तपासणारी समिती काही करू शकत नाही. याच मजकुराचं चालणारं रूप असं: '१२ फेब्रुवारीला वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. १४ फेब्रुवारी ते १० मार्च मी पुण्यात होतो. परत आलो तेव्हा केमिस्ट्रीच्या दोन लॅब आणि मिडटर्म बुडाली होती. आता वडील घरी आहेत आणि त्यांच्याजवळ काका राहतात. मी आठवड्याची नोकरी २० तासांवरून १० तासांवर आणली आहे, उन्हाळ्यात केमिस्ट्रीसाठी नाव नोंदवलं आहे आणि ट्यूटरिंग सेंटरमध्ये मंगळवार-गुरुवारची वेळ घेतली आहे.' तारखा, कोणत्या विषयावर काय परिणाम झाला, आणि झालेले बदल. एक पान पुरतं.

नापास झालेल्या प्रत्येक विषयाचं कारण द्या. अडचण मार्चमध्ये आली आणि विषय आदल्या डिसेंबरमध्ये गेला असेल तर समितीच्या ते लगेच लक्षात येतं. प्राध्यापक वाईट शिकवत होते, विषय कठीण होता, पैशांची गरज आहे, ही कारणं लिहू नका.

कागदपत्रं: डॉक्टरांचं लेटरहेडवरचं पत्र, त्यात उपचाराच्या तारखा, रोगाचा तपशील द्यायची गरज नसते. मृत्यू भारतात झाला असेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा मृत्यू दाखला आणि विमानाची तिकिटं. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. नातं स्पष्ट लिहा. आडनाव वेगळं असलेली आजी किंवा मामा यांच्याशी तुमचा संबंध काय, हे समितीला कागदावरून कळत नाही.

नैराश्य किंवा चिंतेच्या त्रासाबद्दल आपल्याकडे बोलायला फार संकोच होतो. मुलं तो शब्द टाळून 'कौटुंबिक कारण' लिहितात आणि खरं, मान्य होण्यासारखं कारण कागदावर येतच नाही. कॉलेजच्या काउन्सेलिंग सेंटरचं पत्र हा अपीलमध्ये भक्कम पुरावा असतो. पण त्याआधी मुलाला मदत मिळायला हवी. ती मिळत असेल तर पत्रही मिळतं.

अपील सेमिस्टर सुरू होण्याच्या बरंच आधी द्या आणि निकाल येईपर्यंत फीच्या बिलाची वेगळी सोय करा. बर्सर ऑफिसमध्ये (जिथे फी भरतात) हप्त्यांचा प्लॅन मागितला की बहुतेक ठिकाणी मिळतो. फी न भरल्यामुळे नाव कमी झालं तर मंजूर झालेल्या अपीलचा काही उपयोग नाही.

आईवडिलांसाठी

मूल कॉलेजात गेलं की फर्पा या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्याखाली ग्रेड आणि पत्रांवर हक्क त्याचा, वय १८ नसलं तरी. एसएपीची सूचना त्याच्या कॉलेजच्या ईमेलवर आणि पोर्टलवर जाते, तुमच्या घरच्या पत्त्यावर येईलच असं नाही. ऑफिसला फोन केलात तर ते बहुधा काही सांगणार नाहीत. त्यासाठी मुलाने सही केलेली संमती लागते. ती पहिल्याच सेमिस्टरला, सगळं नीट चाललेलं असताना, मोकळेपणाने मागून घ्या. आणि डिसेंबर-जानेवारी आणि मे-जूनमध्ये पोर्टलचं एसएपीचं पान एकदा मुलाबरोबर बसून बघा. रागावायला नव्हे. अपीलच्या तारखा याच दिवसांत निघून जातात.

राज्याची मदत वेगळी मोजतात

केंद्राचं एसएपी जमलं म्हणून राज्याचंही जमलं असं नसतं. जॉर्जियाच्या होप स्कॉलरशिपला ३०, ६० आणि ९० क्रेडिट घेऊन झाल्यावर ३.० जीपीए लागतो. न्यूयॉर्क राज्याच्या टॅप या अनुदानाला स्वतःची प्रगतीची कोष्टकं आहेत. पेल ग्रँटला एसएपीशिवाय आयुष्यभराची मर्यादाही आहे: ६०० टक्के, म्हणजे पूर्णवेळाची १२ सेमिस्टर. वाया गेलेलं सेमिस्टर त्यातूनही कमी होतं.

अपील नामंजूर झालं तर

कारण लेखी मागा. कागद अपुरे होते असं असेल तर पुरवणी कागद देऊन फेरविचार मागता येतो का ते विचारा. नाहीतर वरच्या रीतीने हिशेब करा, आणि एका वेळी एक-दोनच विषय, खिशातून परवडतील तेवढे, घेऊन आकडे वर आणा. फक्त वेग कमी असेल तर जवळच्या कम्युनिटी कॉलेजात, आपल्या पदवीला मान्य होतील असे विषय घेणं सगळ्यात स्वस्त पडतं. ते मान्य होतील याचं पत्र आधी आपल्या कॉलेजच्या रजिस्ट्रारकडून घ्या. निकष जमले की वाट बघत बसू नका. ट्रान्सक्रिप्ट जोडून एड ऑफिसला एसएपीची फेरतपासणी मागा, आणि त्या वर्षीचा फाफ्सा भरलेला आहे ना, ते त्याच दिवशी बघून घ्या.